पोलोच्या मेंदूला हात लावायच्या आधी

"अण्णा, ते ईसीयू म्हंजी काय असतं ओ?"

वहिनींनी कुंपणापलीकडून हे विचारलं आणि मी झारी खाली ठेवली. एरवी त्यांची चौकशी मोंढ्यात सोयाबीन काय भावानं गेलं, बाजारात गवार आली का, इथवरच. आमच्या आणि त्यांच्या अंगणामध्ये तारेचं कुंपण आहे, त्यावर त्यांचा दोडका पसरलाय, आणि मंठ्यातल्या निम्म्या बातम्या त्या वेलाखालूनच इकडच्या तिकडं होतात. ईसीयू मात्र पहिल्यांदाच आला.

"कोन बोललं तुमच्याशी?"

"मपला पोरगाच की. काल जेवता जेवता म्हनला, गाडीच्या मेंदूत फेर करून घ्यायचाय, चाळीस हजार लागत्यात. ह्यांनी ताटावरून हातच काढला. मी म्हनलं, गाडीला कुठं मेंदू असतो का? तर मलाच हसू लागला."

पोरगं तसं गुणाचं आहे. वाळूजला कंपनीत लागलं, पैसा जमवला आणि जुनी पोलो जीटी घेऊन आलं. लाल, २०१४ ची. गाडी गल्लीत शिरली तेव्हा बॉनेट उघडायला सगळ्यात आधी मीच पुढं झालो होतो, खोटं कशाला बोलू. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली गाडी. फोक्सवॅगननं २०१० साली पोलो इथं विकायला काढली आणि २०२२ मध्ये बंद केली. बंद झाल्यापासून तर पोरं जास्तच जीव टाकायला लागलीत तिच्यावर. जीटीला १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ हॉर्सपॉवर आणि सात गिअरची ऑटोमॅटिक पेटी. माझी उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळं टर्बो मला नवा नाही, पण पेट्रोलवरची एवढीशी गाडी असं पळते याचं मलाही अप्रूप वाटलं.

वहिनींना सांगितलं, इंजिनात पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, टर्बोनं हवा किती दाबायची, हे सगळं एक डबी ठरवते. तिच्यातला हिशेब बदलून घेतला की गाडी जास्त ओढते. त्याला रिमॅप म्हणतात.

"मंग बरंच हाय की."

"बरं हाय, पन कुनासाठी? तुमच्या गाडीचं इंजिन १७५ न्यूटन मीटर ओढतं. तिची गिअरपेटी सुक्या क्लचची, २५० पर्यंत झेपंल अशी बनवलेली. मधल्या जागेत कंपनीनं श्वास घ्यायला वाव ठेवलाय. ह्याला तो वाव खायचाय. अन् क्लच गेला की चाळीस हजारात भागायचं न्हाई, वहिनी."

वहिनींनी सूप मांडीवर घेतलं. याचा अर्थ आता बैठक लांबणार.

"त्याच्या दोस्तानं म्हने सायलेन्सर बदललाय. निस्ता ढुमढुम आवाज."

ही बातमी मला होतीच. बदललेल्या सायलेन्सरचं पोलीस काय करतात हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय. बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात आणि त्याचा फोटो पेपरात येतो. गाडीचंही तसंच. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की कंपनीनं जशी बनवली आणि नोंदवली तिच्याविरुद्ध जाईल असा फेरबदल चालणार नाही. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातलं कलम १८२-अ नव्यानं लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला एकेका बदलामागं पाच हजार रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही.

"अगं बाई! मंग त्याला काहीच करता येत न्हाई का?"

"येतं ना. लई करता येतं. पन जे दिसत न्हाई अन् वाजत न्हाई ते."

एवढ्यात पोरगं दात घासत बाहेर आलं. आईचा चेहरा बघून त्याला कळलं की फाइल माझ्याकडं आलेली आहे.

"काका, तुम्ही तरी समजावून सांगा हिला. मला ट्रॅकवर जायचंय. रस्त्यावर नाही पळवणार मी."

हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. आपल्याकडं या वयाच्या पोराला गाडी मिळाली की ते सरळ समृद्धी महामार्गावर जातं. जालन्याला चढलं की झालं. ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, कारला १२० ची मर्यादा, आणि रिकामा दिसला की पाय आपोआप खाली जातो. १ जुलै २०२३ ची पहाट मंठ्यात कोणी विसरलेलं नाही. सिंदखेडराजा आपल्यापासून कितीसं लांब? तिथं पिंपळखुट्याजवळ बस पेटली आणि २५ माणसं गेली. समृद्धीवर शिरताना आरटीओवाले कधी टायर बघतात, झिजलेले असले तर माघारी पाठवतात. त्यावर चिडणारी माणसं मी पाहिलीत. मला मात्र ती साहेबलोकं आवडतात.

"तुझे टायर बघू," मी म्हणालो.

कुंपणाला वळसा घालून मी गाडीपाशी गेलो. टायरच्या बाजूवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ह्याच्या टायरवर होतं १११६. म्हणजे २०१६ च्या अकराव्या आठवड्यातला. नक्षी अजून बरी होती, कायद्याला लागते त्या १.६ मिलिमीटरपेक्षा जास्त. पण रबर कडक झालेलं. नखानं दाबलं तर दबेना.

"ही गाडी चालू राह्यलीय ती या चार तळहाताएवढ्या जागांवर. तू मेंदू बदल, आवाज बदल, पन रस्त्याला धरनारं एवढंच हाय. पहिले पैसे इथं."

तो लगेच खुलला. "मग सतरा इंची अलॉय टाकू का? मस्त दिसतात."

हे दिसण्याचं दुखणं फार जुनं. मी आतून वही आणली, कारण आकडे तोंडी पटत नाहीत. त्याच्या गाडीला १८५/६० आर १५ टायर. १८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६० टक्के उंची म्हणजे १११, वर एक नि खाली एक, शिवाय पंधरा इंची रिमचे ३८१. एकूण व्यास ६०३. आता २०५/५५ आर १५ घेतला तर? उंची पावणे एकशे तेरा, व्यास साधारण ६०६. जवळजवळ तेवढाच. स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही, चाक फेंडरला घासणार नाही, आणि रुंदी वीस मिलिमीटरनं वाढली. फक्त रिमची रुंदी तेवढ्या टायरला चालते का, ते आधी विचारून घ्यायचं. सोळा इंचावर १९५/५५ टाकला तर व्यास जातो ६२१ वर, तीन टक्के जास्त. चालतो, पण गाडीची ओढ किंचित मंदावते. सतरा इंचाला टायरची भिंत आणखी बुटकी, आणि आपल्याकडचा एक खड्डा म्हणजे एक रिम.

"टायरवर एच अक्षर बघून घे," मी म्हणालो. "एच म्हंजी २१०, व्ही म्हंजी २४०. तुला एच भरपूर झाला. अन् लई महाग, लई मऊ टायर पहिल्याच खेपेला नको."

"का?"

"कारन मऊ टायर तुझ्या चुका झाकतो. साधा टायर सुटायच्या आधी ओरडतो. तुला ते ओरडनं ऐकायला शिकायचंय."

वहिनी सूप पाखडता पाखडता थांबल्या. "टायर वरडतो?"

"वरडतो म्हंजी काय, किंचाळतो."

गाडी खाली करायचं तेवढ्यात त्यानं काढलंच. लोअरिंग स्प्रिंग म्हणे. यावर मला बोलायची गरजच पडली नाही, वहिनीच सरसावल्या. पुढच्या रविवारी परतूरकडं मुलगी बघायला जायचंय, गाडीत पाच जण बसणार, आणि गाडी पाव्हण्यांच्या दारात जमिनीला टेकली तर ते काय म्हनतील? मुद्दा बिनतोड होता. माझा त्यात एवढाच जोड की आपली जमीन काळी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर लाटा घेतो. ह्या रस्त्याला चाकानं खालीवर व्हायला जागा लागते. जुने शॉकअप गळत असतील तर नवे टाक, उंची तीच ठेव.

मग मी माझ्या विषयावर आलो. ब्रेक.

"ब्रेक ऑइल कधी बदललं?"

पोरगं ब्रश तोंडात धरून गप्प.

हे सगळीकडं असंच. इंजिन ऑइल लोक तारखेवर बदलतात आणि ब्रेकच्या तेलाकडं ढुंकून बघत नाहीत. ते तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चं तेल डबा फोडला तेव्हा निदान २३० अंशाला उकळायला पाहिजे, असा नियम. पाणी प्यालेलं तेच तेल १५५ ला उकळू शकतं. रस्त्यावर एवढी उष्णता सहसा होत नाही म्हणून कोणाला कळत नाही. ट्रॅकवर मिनिटा-मिनिटाला जोरात ब्रेक. हिशेब सोपा आहे: ८० चा वेग १२० केला तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ताकद सव्वादोनपट लागते, आणि ती सगळी पॅड-डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे. बुडबुडा दबतो, तेल दबत नाही. पाय पार खाली जातो आणि गाडी थांबत नाही. घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरला आम्ही हेच सांगायचो, खालच्या गिअरवर या, ब्रेकवर बसून येऊ नका. एसटीचे ब्रेक हवेचे, पण तापलेला लाइनर पकड सोडतो ती गोष्ट तीच.

"नवं डॉट ४ भर. चांगल्यातलं. एका टायरच्या पैशात चारदा होईल. पॅड रस्त्याचेच, पन जरा वरच्या जातीचे. शर्यतीचे घेऊ नको, ते थंड असताना धरतच न्हाईत, सकाळी बसस्टँडपाशी म्हैस आडवी आली तर पंचाईत. अलाइनमेंट करून घे. अन् चाकाचे बोल्ट टॉर्कच्या पान्यानं, १२० न्यूटन मीटर. पायानं उडी मारून आवळायचे न्हाईत."

"बास?"

"बास. उरलेले पैसे तुझ्यावर."

ते त्याला कळलं नाही, आईलाही नाही. मग माझ्या भाच्याची गोष्ट सांगावी लागली. भाचा पुण्याला असतो. दोस्तांबरोबर साधी स्विफ्ट घेऊन कोइमतूरला गेला होता, करी स्पीडवेवर. दोन किलोमीटरच्या वरचा छोटा ट्रॅक, २००३ पासूनचा. एस. करिवर्धन म्हणून तिथले गृहस्थ होते, त्यांचं नाव दिलंय. या माणसानं मारुती ८०० चं इंजिन बसवून एका माणसाची रेसगाडी बनवली, फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयन, २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, तो ह्या असल्या गाडीवर सुरुवातीला पळाला, आणि मग फ्रान्सला शाळेत गेला. गाडी चालवायच्या शाळेत. ८०० चं इंजिन आणि शाळा. मेंदूत फेर केल्याचं काही ऐकिवात नाही.

"शाळा? गाडीची?" वहिनी.

"तर! भाचा म्हनतो, पहिला अर्धा दिवस निस्तं बसायचं कसं तेच शिकवलं. पाठ टेकलेली, मनगट स्टिअरिंगच्या वर पोचलं पाह्यजे, कोपर वाकलेलं, हात पावनेतीनवर. आपली पोरं झोपून चालवत्यात, एक हात खिडकीत."

पोरानं खिडकीतल्या हाताबद्दल काही म्हटलं नाही.

भाच्यानं सांगितलेलं सगळं मला पाठ आहे, कारण त्यातलं निम्मं आमचे जुने ड्रायव्हर न शिकता करायचे. ब्रेक सरळ रेषेत मारायचा, वळणात नाही. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात. त्यात स्टिअरिंग फिरवलं तर मागचा भाग बाहेर निघतो. वळण घेताना बाहेरून यायचं, आतल्या कडेला शिवायचं आणि बाहेर जायचं, म्हणजे वळण जेवढं मोठं करता येईल तेवढं करायचं. नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर नाही, जिथं जायचंय तिथं. पोलोला पुढची चाकं ओढतात. जोरात शिरलं की नाक वळत नाही, गाडी सरळ बाहेर जायला बघते. नवं पोरगं घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतं. करायचं उलटं: पाय सैल करायचा, स्टिअरिंग जरा उघडायचं, टायरला पकड परत घेऊ द्यायची.

सगळ्यात जास्त मला आवडलं ते हे, की पहिली फेरी सावकाश आणि शेवटचीही सावकाश. पंधरा-वीस मिनिटांचा एक डाव. शेवटच्या फेरीत ब्रेक न वापरता गाडी थंड करत आणायची आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेला ब्रेक तसाच आवळून राहतो. गिअर पार्कमध्ये टाकायचा, चाकाला दगड लावायचा. चाकाला दगड! आम्ही जन्मभर तेच केलं.

वहिनी आता पुरत्या रंगल्या होत्या. "अन् पुढं कोन आलं, त्याला दाबायचं का?"

"न्हाई. पुढच्यानं इशारा केला तरच, अन् तेबी सरळीवरच. झेंडे असत्यात. पिवळा दिसला की पुढं काहीतरी झालंय, सावकाश, कुनाला गाठायचं न्हाई. लाल म्हंजी डाव थांबला. निळा म्हंजी मागचा तुझ्यापेक्षा जोरात हाय, वाट दे. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा दिसला की सुटी."

"म्हंजी आपला शंकरपटच की ओ! पट आखलेला, घड्याळ लावलेलं, मधी कुनी घुसायचं न्हाई."

पोरगं हसलं, पण मी वहिनींना मनातून दाद दिली. एवढा वेळ मी बोलत होतो त्यातलं पोराच्या डोक्यात काय गेलं माहीत नाही, ह्यांच्या मात्र बरोबर गेलं होतं. शंकरपटातही जोडीला कोणी बाजाराच्या दिवशी गावातून पळवत नाही.

"बक्षीस काय असतं?"

"काहीच न्हाई. आपले पैसे भरून जायचं."

"हात्तिच्या!"

मंठ्यापासून हे सगळं लांब आहे, हे मात्र खरं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, १९९० पासून चालू; हजारावर किलोमीटर. कोइमतूर त्याहून लांब. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरच्या वर, तिथं २०११ ते २०१३ तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेलच जिंकला. नवशिक्याला तो फार मोठा, वेग फार चढतो. इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरची गोल धावपट्टी आहे, पण ती कंपन्यांनी गाड्या तपासायची जागा. आपण उठून जावं अशी नाही.

महाराष्ट्रात म्हणाल तर मला कोल्हापूरचं कौतुक वाटतं. तिथं मोहिते रेसिंग अकॅडमीचा गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या होतात, आणि कोल्हापूरच्याच कृष्णराज महाडिकनं ब्रिटनच्या फॉर्म्युला ३ मालिकेत गाडी चालवली. कुस्ती, तांबडा रस्सा आणि रेसिंग असा त्यांचा बेत आहे. आमच्या मराठवाड्यात शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाची ऑक्टेव्हिया जुळली, वाळूजला लाखोंनी बजाज निघाल्या, आणि त्या चालवायला शिकायची एक धड जागा कोणाला सुचू नये याचा मला थोडा राग आहे.

"तू आधी कोल्हापूरला जा," मी पोराला म्हणालो. "कार्टमधी बस. वळन कसं घ्यायचं ते तिथं स्वस्तात कळतं. बूड जमिनीपासून इतभर वर असतं, चूक केली की कमरेला कळती."

"आणि पोलो?"

"पोलो नंतर. टायर, तेल, पॅड, अलाइनमेंट. हेल्मेट बरंसं घे, ट्रॅकवाल्यांना कोनतं चालतं ते विचारून. पायात चप्पल नको, बूट. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचं. जायच्या आधी स्टेपनी, जॅक, पायाखालच्या मॅट, पान्याची बाटली सगळं बाहेर. बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली की संपलं. अन् इन्शुरन्सचा कागद वाच. तिकडं काही झालं तर कंपनी रुपया देत न्हाई, शर्यत अन् वेगाची चाचनी पॉलिसीत बाद धरलेली असती. म्हंजी तिथं ठोकली तर तुपल्या खिशातून."

हे शेवटचं वहिनींनी बरोबर पकडलं. "म्हंजी ठोकली तर तेबी ह्यांनाच भरावं लागंल."

"मी भरीन ना, आई."

"तू भरशीन! हप्ता कोन भरू राहिलं सध्या?"

ही बातमी मला नवी होती. मी वेलावरचा एक दोडका चाचपला आणि ऐकलं नाही असं केलं. आतून आमच्या हिनं हाक मारली, चहा झालाय, दोन कप जास्त टाकलाय, कुंपणावरूनच द्या. ती आतून सगळं ऐकत होती हे उघड झालं.

चहा पिता पिता ठरलं असं: रिमॅप नाही, सायलेन्सर नाही, स्प्रिंग नाही. टायर ह्या महिन्यात, पण रविवारचं परतूर उरकल्यावर. ब्रेकचं तेल आजच, आणि ते बदलताना मी शेजारी उभा राहणार, कारण हवा काढताना पॅडल कोणी दाबायचं नि कोणी धरून ठेवायचं हे दोघांनी मिळून करायचं काम आहे आणि गॅरेजमधलं पोरगं एकटं असलं की उरकून टाकतं. चाळीस हजारांचं पुढं काय, ते त्याच्या बापाला सांगायचं काम वहिनींकडं आलं. वहिनींनी ते घेतलं, पण फुकट नाही.

"अण्णा, ते जुने चार टायर निघतीन ना, त्यातले दोन मला ठेवायचे. हौदापाशी अळू लावायचाय. चारी बाजूनं वाळकी कोंबडी उकरती."

"वहिनी, ते टाकायचे न्हाईत. नवे आल्यावर एक धड बघून स्टेपनीला."

"मंग तीन उरले."

"आई, कडक झालेत ते."

"अळूला काय करायचं मऊ?"